टिल्डाचा उक्ता सौदा

आमच्या भागात कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नकोच, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं की 'तुम्हाला अगदी त्रास होणार नसेल तर' असं म्हणून घ्यायचं. कॉफीच्या दुसऱ्या कपापासून लग्नापर्यंत हाच नियम. आर्लनने मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी रीतीप्रमाणे दोनदा नाही म्हटलं. तो आमच्याच गावचा असल्यामुळे अजिबात खचला नाही, फक्त तिसऱ्यांदा विचारायला त्याने अकरा महिने घेतले. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, कारण तो सगळ्यांना येतोच. ज्यांना येत नाही ते दूर दक्षिणेत, फिनिक्सला राहतात.

मी मार्लिस ऑस्टबी, वय छपन्न. बेमिजी गावाच्या उत्तरेला, तळ्याकाठी राहते. कॉलेजात साहित्य शिकले आणि त्याचा उपयोग म्हणून कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात सूचना लिहिते. माझी सर्वांत जास्त वाचली गेलेली रचना 'पुढे पूल बंद आहे' ही होय. पूर्वी त्यासाठी कचेरीत जावं लागे. तिथे एक कॉफीचं यंत्र होतं आणि त्याच्याभोवती चार माणसं. आता सूचना घरूनच पाठवायच्या असतात. खात्याचा वीजखर्च वाचतो, आणि माझे दोन शब्द. ते मी फ्रिजला ऐकवते.

टिल्डा म्हणजे बर्फावर मासे धरायची खोपटी. तळं गोठलं की आमच्याकडची माणसं गाडीमागे लाकडी खोपटी ओढून तळ्याच्या मध्यावर नेतात, बर्फाला दोन भोकं पाडतात, शेगडी पेटवतात आणि भोकाकडे बघत बसतात. याला करमणूक म्हणतात. मार्चमध्ये सरकारी तारखेच्या आत खोपटी परत आणावी लागते. नाहीतर दंड होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बुडते. खोपटीवर मालकाचं नाव रंगवलेलं असतं, त्यामुळे कोण बुडालं ते गावभर कळतं.

आर्लन बोलायला कमी. घरात तर त्याला 'मीठ दे' एवढंसुद्धा लांबलचक वाटे. तो मिठाकडे नुसता बघायचा. पण खोपटीत, भोकाकडे बघता बघता, कधीमधी एखादं वाक्य सुटायचं, आणि ते खोपटीबद्दलच असायचं. तिचं नाव टिल्डा आहे हेही त्यानेच एकदा सांगितलं, जणू मला ते माहीत असायलाच हवं होतं.

"उन्हाळ्यात अंगणात उभं राहायला टिल्डाला लाज वाटते," तो म्हणाला. हे पहिलं वाक्य.

"का?" मी विचारलं.

तो विचारात पडला. पुढच्या शनिवारी म्हणाला, "सगळे तिला अडगळीची खोली समजतात."

चौदा हिवाळ्यांत अशी एकतीस वाक्यं जमली. घरी आल्यावर मी ती वाण्याच्या बिलांच्या पाठीवर उतरवून ठेवायची. मग एका वर्षी मधले सांधे भरून त्यांचं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं. डलूथच्या एका नवरा-बायकोने ते छापलं. त्यांचा छापखाना म्हणजे त्यांचं गॅरेज. आर्लनचं नाव घालू का म्हणून मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो नको म्हणाला. चौथ्यांदा विचारायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून पुस्तकावर एकट्या माझं नाव आहे. प्रत्येक प्रतीमागे मला थोडा वाटा मिळायचा. शेवटच्या वर्षीचा वाटा अकरा डॉलर चाळीस सेंट झाला. मग ते जोडपं थकलं, दुकान बंद करून फ्लोरिडाला गेलं आणि पुस्तकाचे सगळे हक्क एका पत्राने माझ्याकडे परत आले. त्याआधी दोन वर्षं, ऑक्टोबरात, आर्लन गेला होता. टिल्डाला नवा रंग देऊन झाला होता, ब्रश तेवढा धुवायचा राहिला होता. तेव्हापासून ती अंगणातच आहे. एकटीने ओढून न्यायची वस्तू नव्हे ती.

फोन आला तो जानेवारीतल्या एका मंगळवारी.

"मार्लिस ऑस्टबी? टिल्डावाल्या? मी केंड्रा, मिनीॲपोलिसहून! मी अक्षरशः रडले!"

"अरे देवा," मी म्हटलं. "काय झालं गं?"

"तुमचं पुस्तक! दाताच्या डॉक्टरकडे!"

"दुखतंय का फार?"

"दात नाही हो, पुस्तक! तिथल्या टेबलावर होतं!"

केंड्रा मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत संपादक होती. वय एकोणतीस, माहेर फिनिक्स. मला हे माहीत, कारण तिने आपणहून सगळं सांगितलं. फोन चाळीस मिनिटं चालला. त्या हिवाळ्यातलं माझं ते सर्वांत लांब संभाषण. थंडी किती आहे, मी काय खाते, टिल्डा मला कशी सुचली, असं तिने विचारलं. टिल्डा मला सुचली नाही, असं सांगायचं माझ्या मनात होतं; पण तिला ऐकायची इतकी हौस होती की मला व्यत्यय आणवेना.

"तर आम्हाला टिल्डाची चार पुस्तकं हवीत," ती म्हणाली. "तुमचं पहिलं धरून. पहिली दोन तुमची, पुढची आमची टीम लिहील. आम्ही उक्ते पैसे देतो."

"उक्ते म्हणजे?"

"म्हणजे टिल्डा आमची झाली आणि एका पुस्तकाचे पंधराशे डॉलर तुमच्या हातात. चारही पुस्तकांचे! खपली नाहीत तरी तुम्हाला चिंता नाही."

"आणि खपली तर?"

"तरीही चिंता नाही!" ती उत्साहाने म्हणाली.

आता, मी काय ठरवलं होतं? काहीच नाही. आमच्या नियमाचा खरा उपयोग हाच आहे: पहिल्या दोन 'नको'मध्ये माणसाला विचार करायला वेळ मिळतो. तेव्हा मी म्हटलं, "अगं छे, कशाला उगाच."

"ओ," केंड्रा म्हणाली. "ठीक आहे! तुमच्या निर्णयाचा मी पूर्ण आदर करते, मार्लिस."

आणि तिने फोन ठेवला.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. तिथे मी डार्लीन आणि इनेझबरोबर बसते. डार्लीन माझी शेजारीण. दोन नवरे पुरून तिसऱ्याला तिने घटस्फोट दिलाय, त्यामुळे तिच्या मताला वजन आहे. इनेझ गावच्या वाचनालयात असते. मध्ये ताटात लिंबाची शेवटची वडी होती. म्हणजे तिचा अर्धा. इनेझने सुरी घेऊन त्या अर्ध्याचा अर्धा केला आणि उरलेला पाव तुकडा सन्मानाने ताटात राहू दिला.

"मग? काय म्हणालीस तिला?" डार्लीनने विचारलं.

"काय म्हणणार? नको म्हटलं."

"बरोबर. आणि ती?"

"आदर करते म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे फोन ठेवला."

डार्लीनने कप खाली ठेवला.

"कुठली म्हणालीस ही मुलगी?"

"फिनिक्सची."

"अगं बाई," डार्लीन म्हणाली. "तिकडे ताटातली शेवटची वडी उचलून सरळ तोंडात टाकतात. माझ्या जावयाने टाकली होती, नाताळात. आम्ही सगळे बघतच राहिलो."

"मग काय झालं त्याला?"

"काय व्हायचंय? अजून आहे का म्हणून विचारलं."

इनेझने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तिला ते खरंच नको वाटलं?" मी म्हटलं.

"तूच फोन कर तिला."

"आणि काय सांगू?"

"हवंय म्हणून सांग."

आम्ही तिघी हसलो. डार्लीनने मला दिवसाउजेडी नागडं होऊन तळ्यावर नाचायला सांगितलं असतं, तरी ते जास्त शक्यतेतलं वाटलं असतं. मग हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "पण विचारलं तिने पुन्हा, तर घे हो. लाकडाची आहे ती, मार्लिस. टिल्डा म्हणजे आर्लन नव्हे."

"मी कुठे म्हटलं?"

"म्हणत नाहीस, म्हणून तर सांगतेय."

"लोक वाचतील तरी," इनेझ म्हणाली. "आमच्याकडची प्रत गेल्या वर्षी दोनदाच गेली बाहेर. त्यातली एकदा मीच नेली होती."

त्यानंतर तीन आठवडे केंड्राचा फोन नाही. माझा फोन त्या काळात चारदा वाजला. एकदा कौंटीचा, एका नाल्याबद्दल. तीनदा माझ्या गाडीची हमी संपत आल्याचं सांगणारी अनोळखी माणसं. त्यातल्या दुसऱ्याशी मी वीस मिनिटं बोलले. गाडी विकून झाली तरी तिला आवाज यायचा तो मला अजून कसा ऐकू येतो, ते सांगितलं. शेवटी त्यानेच काहीतरी काम काढून फोन ठेवला.

तेव्हा मला कळलं की माझं लक्ष पंधराशे डॉलरवर नव्हतंच. पैसे नको होते असं नाही. घर तापवायची भट्टी म्हातारी झाली होती आणि रात्री म्हाताऱ्यासारखीच खोकायची. पण मला हवा होता तो फोन. कुणीतरी मी काय खाते ते विचारावं आणि उत्तर ऐकायला थांबावं, याचे मला उलट पंधराशे डॉलर पडले असते तरी मी हिशेब करून बघितला असता.

फेब्रुवारीच्या मध्यावर फोन आला.

"मार्लिस, तुम्ही फार कडक आहात," केंड्रा म्हणाली. "मी वरच्यांशी बोलले. अठराशे."

ती माझ्या नम्रपणाशी घासाघीस करत होती. हे लक्षात आल्यावर मला घाम फुटला. बाहेर उणे बावीस होतं.

"नको गं," मी हळू आवाजात म्हटलं, हा दुसऱ्या वेळचा आवाज.

"बरं, बरं. निर्णय नका घेऊ. गुरुवारी दहाला आमची टीम संगणकावर भेटते. तुम्ही नुसत्या येऊन बसा. बघा कसं वाटतं. याल?"

"तुम्हाला अगदी त्रास होणार नसेल तर," मी म्हटलं. पहिल्याच फटक्यात. आर्लन असता तर खोपटीबाहेर जाऊन उभा राहिला असता.

गुरुवारी पडद्यावर आठ चौकोन उघडले आणि नववा माझा. सगळे तरुण, सगळ्यांच्या मागे रोपटी. त्यांचा प्रमुख ट्रेव्हर नावाचा. दाढी आखलेली, स्वभाव गोड. त्यांनी टिल्डाचं नवं चित्र दाखवलं. खिडकीच्या जागी दोन डोळे होते.

"खोपटीला डोळे?" मी म्हटलं.

"मुलांना डोळे लागतात," ट्रेव्हर म्हणाला.

"पापण्या नाहीत."

"पापण्या तिसऱ्या पुस्तकात."

सगळे हसले, मीही हसले. मग मी विचारलं की पापण्या लावल्यावर बर्फ पडला तर ती डोळे मिटते की वायपर लावते. ते इतके हसले की एकीचं रोपटं पडलं. मला आठवेना, याआधी माझ्या बोलण्याला आठ माणसं एकदम कधी हसली होती. कचेरीत जास्तीत जास्त चार, आणि त्यातला एक बहिरा.

"आता मुख्य अडचण," ट्रेव्हर म्हणाला. "टिल्डा एकटी आहे."

"हो," कुणीतरी गंभीरपणे म्हणालं.

"एकटेपणा चालतो. मुलांना तो कळतो. पण अठ्ठाविसाव्या पानापर्यंत तो मिटला पाहिजे."

"पानं तर बत्तीस असतात," मी म्हटलं. "उरलेल्या चारांत काय?"

"तीन पानं आनंद, एक पान कागदी खोपटी कशी करायची त्याची कृती."

"तिला मित्र हवा," केंड्रा म्हणाली.

आर्लनचं सोळावं वाक्य याबद्दलच होतं: 'टिल्डा एकटी आहे असं लोकांना वाटतं, कारण ते तिला बाहेरून बघतात.' ते त्यांच्या हातातल्या पुस्तकात नवव्या पानावर छापलेलं होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं. आठही चेहरे माझ्याकडे वळले, आणि त्यांच्यावर असं काही कौतुक आधीच तयार होऊन बसलं होतं की ते वाया घालवणं मला जमेना.

"बादली," मी म्हटलं.

"बादली?"

"मासे ठेवायची. खोपटीत असतेच. बर्ट नावाची. सारखी बडबड करते, पण पोटात काही राहत नाही."

ट्रेव्हरने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. एकाने तिथल्या तिथे बर्टचं चित्र काढलं, त्याला दात दिले. "मार्लिस, तुम्ही इतके दिवस होतात कुठे?" ती रोपटंवाली म्हणाली. मी म्हटलं, बेमिजीच्या उत्तरेला. त्यालाही ते हसले.

अकरा वाजता सगळे चौकोन एकेक करून गेले आणि पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात मी दिसत होते, अजून हसत असलेली. चेहऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी मी कौंटीसाठी 'वजनदार वाहनांना बंदी' लिहायला बसले आणि त्यात दोनदा विनोद घुसला.

करार शुक्रवारी आला. इनेझने तो मला वाचनालयात छापून दिला, पानामागे दहा सेंट असतात ते घेतले नाहीत. चौदा पानं होती. त्यांत लिहिलं होतं की टिल्डा आजपासून कंपनीची. आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात. आमचं तळं अडीच मैल रुंद आहे. आर्लनने टिल्डाला त्याच्या मधोमधच्या पलीकडे कधी नेलं नव्हतं.

"सही कर," इनेझ म्हणाली. "गुरुवारी गेलीस तेव्हापासून तुझा रंग बदललाय. डार्लीनसुद्धा म्हणत होती."

"आधी तिने विचारायला हवं ना."

"मग विचारेल. आता तिसरी खेप आहे."

मी कराराच्या शेवटच्या पानावर पेन ठेवून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, फोनजवळ. 'तुम्हाला अगदी त्रास होणार नसेल तर' हे वाक्य मी दोन दिवस तोंडात घोळवत होते. आपल्याला शोभेल अशा बेताने ते म्हणायचं होतं. आनंद दिसता कामा नये, पण आहे हे कळायला हवं.

मध्ये एकदा, भांडी घासताना, नेहमीच्या सवयीने मी आर्लनची वाक्यं म्हणत होते. मी ती म्हणते. कुणाला सांगत नाही. जपमाळेसारखं काही नाही, आम्ही त्या पंथाचे नव्हे. ताटल्या असतात तेवढी म्हणते. एकट्या माणसाच्या ताटल्या फार नसतात, म्हणून रोज तीनचारच होतात. सोळावं आलं आणि मी म्हटलं, 'टिल्डा एकटी आहे असं लोकांना वाटतं,' आणि पुढचं म्हणायच्या आत माझ्या कानात बादली बोलली. बर्ट. माझ्याच आवाजात, दात काढून. सतरावं म्हणून बघितलं, त्यातही तो होता. मी नळ बंद केला. अठरावं म्हणायचं धाडस झालं नाही.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"मार्लिस! तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" केंड्रा.

"काय?"

"तुमच्याकडचा नियम! आमच्या हिशेबखात्यात नॉर्बर्ट आहे, तो तुमच्या बाजूचा. मी त्याला म्हटलं, या बाई ऐकतच नाहीत. तर तो म्हणाला, कितीदा विचारलंस? मी म्हटलं, दोनदा. तर म्हणाला, पहिली दोन मोजायचीच नाहीत! मला सांगायचं ना!"

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारते. नीट विचारते हं, तिसऱ्यांदा. दोन हजार, चार पुस्तकं, आणि दर गुरुवारी तुम्ही. ट्रेव्हरने तर बर्टचं बाहुलं करायला टाकलंय. घ्याल, मार्लिस?"

पेन समोर होतं. वाक्य तोंडात होतं.

"करारात ते एक कलम आहे," मी म्हटलं. "लेखिकेने मजकुराचा कोणत्याही स्वरूपात पुढे वापर करू नये. म्हणजे काय गं?"

"ते नेहमीचंच. दुसरीकडे छापायचं नाही, जाहीर वाचन करायचं नाही."

"आणि घरात?"

"घरात काय?"

"घरात मोठ्याने म्हटलं तर."

"मुलांसमोर?"

"नाही. कुणासमोर नाही."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"मी सरकारी सूचना लिहिते, केंड्रा. आमच्यात लिहिलेलं पाळतात."

"मग मी वकिलांना सांगते. 'घरात वगळून' असं घालतील. झालं?"

झालं. ती खरंच चांगली मुलगी होती. तिने माझी सबब माझ्या हातातून काढून घेतली आणि मागे काही उरलं नाही, फक्त मी आणि ते पेन.

"नाही," मी म्हटलं.

केंड्रा हसली. "हे कितवं?"

"तिसरं."

"मग आता हो म्हणायचं असतं ना?"

"असतं."

"मग?"

"मग नाही."

"हे नम्रपणाचं नाही आहे का खरं? मला खरंच कळत नाहीये."

"आवाजात फरक नसतो गं. तोच तर त्रास आहे आमचा."

"पण तुम्हाला गुरुवार आवडला होता."

"फार."

"मी बघत होते तुम्हाला. सगळ्यांत जास्त तुम्हीच हसत होतात."

"हो."

"मग का?"

हे मी आयुष्यात कुणाला समजावून सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे खऱ्या नकाराला वेगळा शब्दच नाही. तो द्यायची वेळ येऊ नये अशीच सगळी व्यवस्था आहे.

"ती बादली माझी आहे," मी म्हटलं. "ती घे. बर्ट, त्याचे दात, सगळं. पैसे नकोत. बाकीचं माझ्या नवऱ्याचं आहे. त्याने टिल्डाला मित्र दिला नव्हता, विचार करून दिला नव्हता. मी दिला, एका तासात, तुम्ही टाळ्या वाजवल्यात म्हणून. असे आणखी दहा गुरुवार झाले तर मी स्वतः तिला पापण्या लावीन. मला ठाऊक आहे मी लावीन."

"तुमचे मिस्टर लेखक होते?"

"वीजमंडळात तारा ओढायचे."

"ओ," केंड्रा म्हणाली. मग, "गुरुवारी तुम्ही तशाच... नाही. करार नसला की मला बोलावता येत नाही. सॉरी."

"नाही, ते बरोबरच आहे."

"बर्टसाठी तरी काहीतरी घ्या."

"छे, कशाला."

"मार्लिस, हे पहिलं की—"

"हेही खरंच."

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी आदर करते." या खेपेला तिला ते म्हणायला वेळ लागला. आणि तिने फोन ठेवला.

तिकडे असंच असतं; बोलणं संपलं की ठेवतात. आमच्याकडे निरोपाला अर्धा तास लागतो. आधी मांड्यांवर हात मारून 'बरं तर मग' म्हणायचं आणि बसून राहायचं. मग उठायचं आणि उभ्याने हवेबद्दल बोलायचं. मग दारात, कोट घालून, एकमेकांच्या दुखण्यांबद्दल. मग गाडीपाशी, काच खाली करायला लावून, जे मुळात बोलायला आलो होतो ते. आणि गाडी हलली की सावकाश जायची ताकीद. यातलं काहीएक झालं नव्हतं, आणि ते सगळंच्या सगळं माझ्या अंगावर शिल्लक राहिलं होतं.

मी मांड्यांवर हात मारला. "बरं तर मग," मी म्हटलं, आणि थोडी बसले. मग उठले. हवा निवळत होती, तसं म्हटलं. कोट घालून दारात गेले. तळ्यावरून माणसं खोपट्या ओढून परत आणत होती, तारीख जवळ आली होती. त्यांतल्या एकाने हात केला, मीही केला. तो फार लांब होता, कोण ते कळलं नाही.

"सावकाश जा हं," मी म्हटलं. "रस्त्यात हरणं असतात."